हजार मैलांचा रस्ता आणि साडेपाच मीटरचा कागद

नुकताच टीएसडी रॅलीत (वेगाची नव्हे, ठरलेली वेळ अचूक पाळण्याची स्पर्धा) नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरला रस्ता आणि वेळ सांगणारा, म्हणून बसायला लागलेल्या एका मुलाने मला विचारलं : ‘इटलीतली मिल्ले मिल्या ही शर्यत नेमकी काय होती? 1955 साली साध्या रस्त्यांवर तिथे ताशी 157 किलोमीटरची सरासरी पडली, हे खरं का? आणि एका अपघातामुळे ती बंद पडली म्हणतात, मग दरवर्षी त्याच नावाने होते ती कोणती?’ मी बावीस वर्षं रॅलीत डावीकडच्या सीटवर बसतोय. त्याला लिहिलेलं उत्तर हे असं.

आधी आकड्याचं सांगतो, कारण तुझी खरी शंका तिथेच आहे. आकडा खरा आहे. 1 मे 1955 रोजी स्टर्लिंग मॉस आणि त्याच्या शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन यांनी मर्सिडीज 300 एसएलआरमधून ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा हे जवळपास 1600 किलोमीटर 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत कापले. सरासरी ताशी 157 किलोमीटरच्या वर. पेट्रोल भरायला, टायर बदलायला, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या जागी, कार्डावर शिक्का मारून घ्यायला गेलेला वेळसुद्धा त्यातच आला. मुंबईहून दिल्ली साधारण चौदाशे किलोमीटर आहे. त्याच्याही पुढे जायचं, तेही दुभाजक नसलेल्या रस्त्याने, वाटेत गावं, चौक, पूल, रेल्वेची फाटकं आणि डोंगरातले घाट पार करत. आपल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोकळ्या पट्ट्यातही मोटारीला शंभरची मर्यादा आहे, म्हणजे काय वेगाची गोष्ट चालली आहे ते तुला कळेल.

पण ही सरासरी नुसत्या इंजिनाच्या जोरावर पडली नाही. ती का पडली हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

1921 साली इटलीची पहिली ग्रां प्री, म्हणजे देशातली मानाची मोटार शर्यत, ब्रेशाजवळच्या रस्त्यांवर झाली. पुढच्याच वर्षी मिलानजवळ मोंझाचा ट्रॅक उभा राहिला आणि ग्रां प्री तिकडे गेली ती गेलीच. ब्रेशाकरांच्या हे जिव्हारी लागलं. मोटारींचं वेड असलेलं आणि स्वतःचा ओएम हा मोटार कारखाना असलेलं शहर एकदम बाजूला पडलं. 1926 च्या अखेरीस चार माणसं एकत्र बसली. आयमो माज्जी आणि फ्रांको मात्सोत्ती हे दोन तरुण सरदार, आयोजनात कुणी हात धरणार नाही असा रेन्झो कास्तान्येतो आणि क्रीडा पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी. त्यांचं म्हणणं असं, की ट्रॅक नाही तर नाही, देशाचे रस्ते तर आहेत. ब्रेशाहून निघायचं, रोमला वळसा घालायचा आणि परत ब्रेशाला यायचं. नकाशावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग काढला, अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास भरलं. अमेरिका पाहून आलेल्या मात्सोत्तीने ‘म्हणजे हजार मैल’ असं म्हटलं आणि तेच नाव पडलं, इटालियनमध्ये ‘मिल्ले मिल्या’, असं सांगतात. किलोमीटरच्या देशात मैलांचं नाव थोडं खटकतं खरं, पण मैल हा शब्द मुळात रोमनांचाच, त्यांच्या हजार पावलांवरून आलेला.

पहिली शर्यत 26 मार्च 1927 ला सुटली. 77 गाड्या निघाल्या. रस्ते बरेचसे खडीचे, धूळ इतकी की पुढची गाडी दिसायची नाही. फेर्दिनांदो मिनोया आणि जुझेप्पे मोरांदी ही जोडी ओएम गाडीतून 21 तास 4 मिनिटांत परत आली, सरासरी ताशी 77 किलोमीटर. पहिले तिन्ही क्रमांक ओएमचे. ज्या गावाची ग्रां प्री गेली होती, त्याच गावच्या कारखान्याने पहिली मिल्ले मिल्या मारली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. या शर्यतीत गाड्या एकदम सुटत नसत. ब्रेशातल्या व्हियाले वेनेत्सियावर एक रॅम्प असायचा, त्यावरून एकेक गाडी ठरावीक अंतराने खाली उतरायची. लहान गाड्या आदल्या रात्री, मोठ्या पहाटेनंतर. 1949 पासून तर गाडीचा नंबर म्हणजेच तिची सुटायची वेळ. मॉसची गाडी 722, म्हणजे सकाळी 7 वाजून 22 मिनिटं. तेव्हाचा जगज्जेता फांजिओ, त्याची 658. रस्त्यावर कोण पुढे दिसतोय याला काही अर्थ नाही, घड्याळावर कोण पुढे आहे ते खरं. तू टीएसडी करतोस, तुला हे पटकन उमजेल.

यावरूनच 1930 ची ती प्रसिद्ध कथा पारखून घेता येते. ताझिओ नुवोलारी आणि आकिल्ले वार्झी, दोघेही आल्फा रोमिओवर, एकाच संघाचे. नुवोलारीने म्हणे दिवे मालवले, अंधारात वार्झीच्या मागे मागे गेला आणि शेवटच्या टप्प्यात अचानक दिवे लावून त्याला मागे टाकलं. दिव्यांच्या तपशिलावरून वाद आहेत. पण नुवोलारी वार्झीच्या नंतर सुटला होता, म्हणजे त्याच्या मागे पोचला तेव्हाच तो घड्याळावर कित्येक मिनिटं पुढे होता. शर्यत जिंकायला ते ओलांडणं लागत नव्हतं. लागत होतं ते दुसऱ्याच कशाला तरी, आणि वार्झीलाही ते पुरतं कळलं असणार. त्या वर्षी सरासरी पहिल्यांदा शंभराच्या वर गेली. पुढच्या वर्षी मर्सिडीजवर रुडॉल्फ काराचिओला जिंकला, तो पहिला बिगर-इटालियन विजेता. तिसाव्या दशकातली बाकीची वर्षं आल्फाचीच.

नुवोलारीचं आणखी एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1947 साली, युद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत, तो चिसितालिया नावाच्या अकराशे सीसीच्या इवल्याशा उघड्या गाडीत बसला. वय 54, दोन्ही मुलगे गेलेले, फुप्फुसं पेट्रोलच्या धुराने खराब झालेली. तरी तो आघाडीवर होता. शेवटी पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला आणि तो दुसरा आला. पुढच्या वर्षी फेरारीत. वाटेत मडगार्ड गेलं, बोनेट उडालं, सीट सैल झाली, तरी हा आघाडीवर. अखेर गाडीनेच हात टेकले. त्या दोन्ही वर्षी जिंकला क्लेमेंते बिओन्देत्ती. चार वेळा मिल्ले मिल्या जिंकणारा तो एकटाच, आणि लोक नाव घेतात ते दुसऱ्याचं. मला हे नेहमी बोचतं. इतका लांबचा रस्ता गाडी न मोडता चार वेळा परत आणणं ही नॅव्हिगेटरच्या डोळ्यांनी पाहिलं तर सगळ्यात मोठी कामगिरी आहे.

आता मुख्य गोष्ट. हजार मैलांचा रस्ता तोंडपाठ असणं ही त्या शर्यतीतली खरी भांडवलाची गोष्ट होती. सोळाशे किलोमीटरमध्ये वळणं हजारोंनी. ट्रॅकवर तेच वळण दर दोन मिनिटांनी येतं, इथे वर्षातून एकदा. इटलीचे ड्रायव्हर या रस्त्यांवर लहानाचे मोठे झालेले. कुठल्या माथ्यापलीकडे रस्ता सरळ जातो आणि कुठे डावीकडे मुरडतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं. परक्याला ते यायचं नाही. म्हणून 24 शर्यतींत बाहेरचे विजेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

1955 साली ही अडचण दोन इंग्रजांनी कागदावर सोडवली. मॉस 25 वर्षांचा. जेन्किन्सन दाढीवाला, लहानखुरा, मोटार-पत्रकार, आणि त्याआधी 1949 मध्ये एरिक ऑलिव्हरबरोबर साइडकार शर्यतीत जगज्जेता ठरलेला. म्हणजे दुसऱ्याच्या हातात जीव देऊन वेगाने जाणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. रस्त्याच्या नोंदी सोबत नेण्याची कल्पना मुळात जॉन फिच या अमेरिकन ड्रायव्हरशी बोलताना पक्की झाली होती. मॉसबरोबर जायची संधी आली तेव्हा फिचने जेन्किन्सनला मोकळं केलं. हा मनाचा मोठेपणा फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग रेकी, म्हणजे शर्यतीआधी रस्त्याची पाहणी. पूर्ण मार्गाच्या फेऱ्यावर फेऱ्या. एका फेरीत तर त्यांची गाडी लष्करी ट्रकवर आदळली. जेन्किन्सन प्रत्येक धोक्याची जागा टिपत गेला. वळणांची त्याने प्रतवारी लावली : जरा फसवं, वाईट, आणि जिवावर बेतणारं. जागा ओळखायला खूण कशाची? रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांची. आपण ज्याला मैलाचा दगड म्हणतो तोच. फाटकं, रुळांचे उंचवटे, खराब डांबर, निसरडे पट्टे, सगळं उतरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पलीकडचं न दिसणारे कुठले माथे पूर्ण वेगात पार करता येतात ते.

या नोंदी त्याने साडेपाच मीटर लांबीच्या एका कागदाच्या पट्टीवर लिहून काढल्या आणि पट्टी एका धातूच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. वर पारदर्शक खिडकी. एक रूळ फिरवला की पुढची नोंद खिडकीत येणार. तुला हे साधं वाटेल. मी सांगतो त्यात काय आहे ते. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या रॅलीत रात्री दमट हवेने वहीची दोन पानं एकमेकांना चिकटली. मी ती एकदम उलटली आणि पुढची चार वळणं मी भलत्याच जागची वाचली. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आम्ही बांधाच्या अलीकडे थांबलो. तेव्हा बंद गाडी होती, वेग सत्तरच्या आत होता. जेन्किन्सन उघड्या गाडीत, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात बसला होता. वही असती तर पहिल्या तासात फाटून उडाली असती. त्याच्या डबीत पान उलटायचंच नव्हतं, ओळीचा क्रम चुकायची सोयच नव्हती. आज टॅब्लेटवर रोडबुक, म्हणजे मार्गाच्या नोंदी, सरकवतोस ना, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

बोलणं कसं करायचं, हा दुसरा प्रश्न. हेल्मेटमध्ये माइक लावून पाहिला. पण मॉस पूर्ण एकाग्र होऊन चालवायला लागला की शब्द त्याच्या डोक्यात शिरेनात. म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या, पंधराएक. मॉसने डोळ्याच्या कोपऱ्यातून हात पाहायचा आणि तसं करायचं. विश्वासाची खरी परीक्षा माथ्यांवर होती. समोर फक्त आकाश दिसतंय, शेजारचा माणूस हाताने ‘सरळ, दाब’ म्हणून खूण करतोय, आणि तू पाय उचलायचा नाहीस. एका माथ्यावर तर गाडी चारही चाकांनी हवेत गेली. रस्ता सरळ होता, नोंद बरोबर होती, म्हणून गाडी सरळ उतरली.

शर्यतीत सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. एक मिनिट नंतर सुटलेला इटालियन ड्रायव्हर कास्तेलोत्ती फेरारी घेऊन आरशात दिसू लागला. पादोव्हात मॉस एका वळणावर जास्त आत गेला आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर आदळला, तेवढ्यात कास्तेलोत्ती पुढे निघून गेला. पण तो टायरांवर इतका जुलूम करत होता की राव्हेन्नाला त्याला टायर बदलायला थांबावं लागलं. मॉसने त्याला तिथेच गाठलं. पुढे जेन्किन्सनला मळमळलं. खाली कागदावर नजर, अंग मात्र वळणावळणाला फेकलं जातंय, त्यात तापलेल्या तेलाचा वास. असं कुणालाही होतं, तुलाही होईल, त्यात कमीपणा नाही. तो बाजूला वाकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा ओढून नेला. चष्म्याशिवाय त्याला नोंदी दिसत नव्हत्या. त्याने खिशातून दुसरा चष्मा काढला. ही माहिती मी प्रत्येक नव्या नॅव्हिगेटरला सांगतो : जास्तीची पेन्सिल, जास्तीचा दिवा आणि चष्मा असेल तर जास्तीचा चष्मा.

रोमला पोचले तेव्हा मॉस घड्याळावर पहिला होता. ‘रोमला जो पहिला तो ब्रेशाला पहिला नाही’ अशी इटलीत जुनी समजूत होती. त्यानंतर रादिकोफानी, सिएना, फ्लोरेन्स, मग फूता आणि रातिकोसाचे घाट उतरून बोलोन्या. पुढचा पट्टा सपाट आणि सरळ. क्रेमोनाहून ब्रेशापर्यंत त्यांनी ताशी 190 च्या वर सरासरी राखली. एकटाच चालवणारा हुआन मानुएल फांजिओ, तेव्हाचा जगज्जेता, अर्ध्या तासाहून जास्त मागे दुसरा आला. वेगात तो मॉसपेक्षा कमी होता असं मला कुणी सांगू नये. त्याच्या गाडीचं इंजिनही तब्येतीत नव्हतं, आणि शेजारी जेन्किन्सन नव्हता. आणि फिच? तो साध्या 300 एसएल मर्सिडीजमधून एकंदरीत पाचवा आला.

पण तुझा तिसरा प्रश्न उरतोच, आणि तो मला जड जातो. कागदावर रस्ता उतरवता येतो, रस्त्याकडेला उभी असलेली माणसं उतरवता येत नाहीत.

ही शर्यत बघायला तिकीट नव्हतं. लाखो लोक घराच्या उंबऱ्यावर, झाडाखाली, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे गाडी घसरली तर नेमकी येणार तिथे, उभे राहायचे. पोरं खांद्यावर. 1938 साली बोलोन्यात एक लान्चिया मोटार ट्रामच्या रुळांवरून उसळून गर्दीत गेली. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. मुसोलिनीच्या सरकारने शर्यत बंद केली. 1940 मध्ये ब्रेशा, क्रेमोना, मांतुआ या त्रिकोणात फेऱ्या मारून एक शर्यत झाली, बीएमडब्ल्यू जिंकली. मग युद्धात सगळंच थांबलं. चार संस्थापकांतला मात्सोत्ती युद्धात मारला गेला.

1947 ला परत सुरू झाली तेव्हा धोका तोच होता, फक्त वेग वाढत गेला. 1954 ची एक घटना लोक हौसेने सांगतात. हान्स हेरमान पोर्शे घेऊन फाटकापाशी आला तेव्हा दांडी खाली येत होती आणि आगगाडी जवळ आली होती. थांबायला जागा नव्हती. त्याने शेजारच्या हेर्बर्ट लिंगेच्या हेल्मेटवर हात मारून त्याला खाली वाकवलं, स्वतः वाकला आणि ती ठेंगणी पोर्शे दांडीखालून, आगगाडीच्या समोरून निघून गेली. फोटो बघून मलाही थरार वाटतो. पण शर्यत चालू असताना रेल्वे वेळापत्रकाप्रमाणे धावत होती, हेही त्याच फोटोत दिसतं. रस्ता शर्यतीचा कधी नव्हताच, तो तिथल्या लोकांचा होता आणि एक दिवस उसना घेतलेला होता.

12 मे 1957. मांतुआ ओलांडून ब्रेशाकडे जाणारा सरळ रस्ता, ग्विदित्सोलो गावाजवळ. शेवट अगदी हाताशी आलेला. आल्फोन्सो दे पोर्तागो आणि एडमंड नेल्सन यांच्या फेरारीचं टायर पूर्ण वेगात फुटलं. गाडी रस्त्याकडेच्या लोकांत गेली. दोघं गेले, आणि बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यांतली पाच मुलं होती. मांतुआ हे नुवोलारीचं गाव. त्याच्या मृत्यूनंतर, 1954 पासून, त्याच्या आठवणीत मार्ग मुद्दाम तिथून वळवला होता आणि क्रेमोना ते ब्रेशा या पट्ट्यातल्या सगळ्यात वेगवान गाडीला त्याच्या नावाचं बक्षीस होतं. त्याच पट्ट्यात हे घडलं. जिंकला पिएरो तारुफी, वय 50, कित्येक वर्षांच्या प्रयत्नांनंतर. त्याने त्यानंतर शर्यती सोडल्या.

सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा वेगाच्या शर्यतींवर बंदी घातली. एन्झो फेरारीवर टायरांवरून खटला चालला, 1961 मध्ये तो निर्दोष सुटला. ‘एका अपघातामुळे बंद पडली’ हे तुझं वाक्य अर्धं बरोबर आहे. दोन वर्षं आधी फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत ऐंशीहून जास्त लोक गेले होते, त्यातली गाडीही मॉसच्या गाडीसारखीच 300 एसएलआर होती. सगळ्या युरोपचा धीर संपत आला होता. 1957 ला टायर फुटलं नसतं तर पुढच्या एखाद्या वर्षी फुटलं असतं. या शर्यतीवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि तरी ती थांबवली हे बरोबर झालं असं मला वाटतं.

आज होते ती वेगळी. 1977 साली, पहिल्या शर्यतीला 50 वर्षं झाली तेव्हा, जुन्या गाड्यांची फेरी म्हणून ती परत सुरू झाली. 1927 ते 1957 या काळात ज्या मॉडेलच्या गाड्या धावल्या, त्याच मॉडेलना प्रवेश. ब्रेशा, रोम, ब्रेशा हा गाभा तोच, लाल बाण हे चिन्ह तेच, व्हियाले वेनेत्सियाचा रॅम्प तोच. पण वेगाची स्पर्धा नाही, वेळ अचूक पाळण्याची आहे. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. पुढचं चाक नळीवरून गेलं की वेळ नोंदली जाते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. लवकर आलास तरी गुण जातात, उशिरा आलास तरी जातात. जितकी जुनी गाडी तितका वरचा गुणक. म्हणजे तू दर महिन्याला जे करतोस तेच, फक्त तुझा हिशेब सेकंदात चालतो, त्यांचा त्याच्या शंभराव्या भागात. तिथले चांगले नॅव्हिगेटर तोंडाने उलटी मोजणी करत ड्रायव्हरला नळीपर्यंत आणतात. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि चाक नळीवर. घरासमोरच्या रस्त्यावर खडूची रेघ मारून सराव करता येतो. रविवारी सकाळी ये, माझ्याकडे जुनं स्टॉपवॉच आहे.